रुग्णाला नाव विचारून खात्री करावी

चिनहट, लखनऊ
जानेवारी (तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे, पण भिंत लांब आहे)

आदरणीय द्रौपदीताई,

सप्रेम जय भीम. आधी तुमचे गुडघे. मागच्या वेळी मी साखर आधी विचारली आणि गुडघे मागाहून, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की जे दुखतं ते सोडून जे मोजता येतं तेच आधी विचारायची ही सरकारी प्रयोगशाळेची खोड माझी काही जायची नाही. म्हणून या खेपेला गुडघे आधी. डावा अजून जिना चढताना कुरकुरतो का? तेल लावता ना? आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी पाण्याच्या टाकीवरून जे चाललं होतं ते बोलणं सध्या बंद आहे की सुरू? (बंद असेल तर सुरू करा. सुरू असेल तर जरा हळू बोला.) इकडे सगळे खुशाल. प्रफुल्ल त्याच्या बँकेत, सूनबाई विभा तिच्या शाळेत. दोघं तुम्हाला नमस्कार सांगतात, म्हणजे मी मराठीत विचारतो आणि ते हिंदीत सांगतात. आता तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला? केला असता. पण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला ‘मुद्द्याचं बोला भाऊजी’ म्हणता, आणि माझा मुद्दा नेहमीच उशिरा येणारा पाहुणा. पत्राला मधे तोडता येत नाही. अक्षर एवढं मोठं का, तर विभाच्या शाळेतला जाड मार्कर घेऊन लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर त्यांना चढू द्या.

कारण असं, की मला दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण जसं आहे तसं दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजवा तर अगदी पिकलाय, असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशनचं गेले दोन हिवाळे चाललंय, आणि मी ते टाळतोय. तुम्हाला सांगायला हरकत नाही ताई, हे असं दिसणं वाईट नाही हो. संध्याकाळी फैजाबाद रोडवर गेलं की प्रत्येक दिव्याभोवती एक सोनेरी खळं पडलेलं असतं. कारखान्यांतून निघालेले ट्रक नटूनथटून वरातीला चालल्यासारखे येतात. चंद्र दोन दिसतात, कधी अडीच. त्यात आता धुकं. इथलं जानेवारीतलं धुकं तुम्ही पाहिलंय, प्रफुल्लच्या लग्नात तुम्ही त्याला ‘हा काय धूर’ म्हणाला होतात. बाहेरचं धुकं आणि डोळ्यातलं धुकं एकमेकांत मिसळलं की मधे भिंत उरत नाही, आणि मग रविवारी सकाळी मी रिक्षा करून जुन्या शहरातल्या चौक बाजारात जातो आणि मक्खन मलईच्या ठेल्यापाशी उभा राहतो. (थंडीत दूध रात्रभर दवात ठेवून त्याचा केशरी फेस काढतात. तोंडात घातला की आहे म्हणेपर्यंत नाही. तुमच्या बहिणीला, मुक्ताला, फार आवडायचा. तुम्ही मात्र ‘ह्यात खायचं काय आहे’ असं विचारलं होतं.) गल्लीत चिकनच्या भरतकामाच्या दुकानांसमोर बायकांची गर्दी असते, फिकट फिकट रंगांची. आणि त्यातली एक वळते.

ती मुक्ता असते. आता हसू नका, आणि प्रफुल्लला फोनही करू नका. माझं डोकं ठिकाणावर आहे. गेलेलं माणूस गल्लीत उभं राहत नाही, ती मुक्ता नसते हे मला कळतं. मी चाळीस वर्षं औषधांच्या बाटल्यांत खरं काय नि खोटं काय हेच तपासत बसलो होतो. पण ती वळते, पदर सारखा करते, आणि चेहऱ्याच्या जागी जो धुरकट गोल दिसतो त्यात मुक्ताचा चेहरा बरोब्बर बसतो. एक-दोन क्षण. मग ती कोणाच्या तरी सुनेसारखी भाव करायला लागते आणि मी मलई संपवतो. तर ताई, ऑपरेशन मी का टाळत होतो ते आता तुम्हाला कळलं असेल. डॉक्टर म्हणतात, सगळं लख्ख दिसेल. लख्ख दिसलं की गल्लीतल्या सगळ्या बायका ज्या त्या होतील. मग मी चौकात जाऊ कशाला? पण मागच्या महिन्यात मी एका ई-रिक्षाला रिकामी जागा समजून तिच्यात चालत गेलो (लागलं नाही, रिक्षावाल्यानेच माफी मागितली), आणि प्रफुल्लने तारीखच घेतली. जास्त पिकला तर काढणं अवघड, दृष्टी जाऊही शकते, असं म्हणाला. तेव्हा गेलो बाप्पा.

गेलो ते आमच्याच रुग्णालयात. आमच्या म्हणजे चिनहटच्या धर्मादाय रुग्णालयात. (नाव लिहीत नाही. गोपनीयतेचं कलम आहे आणि ते मीच वाचून दाखवलेलं आहे.) तिथल्या रुग्ण-सुरक्षा समितीवर मी रुग्णांचा प्रतिनिधी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच म्हणाला होतात, ‘आता डॉक्टरांचे हाल बघवणार नाहीत.’ वरून नवीन सूचना आल्या, परिपत्रकं आली, की ती महिन्याच्या बैठकीत डॉक्टर आणि सिस्टर लोकांना मी वाचून दाखवतो. डोळ्यांमुळे हल्ली पाठ करून म्हणतो. सारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवू नयेत. तोंडी सांगितलेलं औषध ऐकणाऱ्याने पुन्हा म्हणून दाखवावं. शस्त्रक्रियेच्या जागेवर आधी खूण करावी, आणि सुरी लावण्याआधी सगळ्यांनी थांबून कोण, काय, कुठे हे मोठ्यांदा म्हणावं. मला हे सगळं गाण्यासारखं वाटतं. कॅन्टीनमध्ये मी शिरलो की डॉक्टर मंडळी समोसा खाली ठेवून हात धुवायला उठतात, मी काही बोललेलोही नसतो. घरीसुद्धा मी मीठ आणि पिठीसाखर वेगवेगळ्या फळ्यांवर नेऊन ठेवली आणि सब्जीवाल्या भैयाकडून मागणी पुन्हा म्हणून घ्यायला लागलो. ‘आधा किलो मटर, एक गड्डी मेथी, अदरक थोड़ी,’ असं तो बिचारा हात जोडून म्हणायचा. आता तो आमच्या गल्लीत आला की आवाज न करता ठेला ढकलतो. विभा म्हणते, पापाजी, साखर सापडत नाही. मी म्हणतो, म्हणजे सुरक्षित आहे.

पण समितीवर मी का गेलो हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मुक्ता शेवटी ज्या मोठ्या रुग्णालयात होती तिथे कोणी वाईट वागलं नाही, खोटं का बोला. पण ती तिथे ‘बेड सात’ होती. बेड सातला लघवी झाली का, बेड सातचं सलाइन संपलं. एका सकाळी तिच्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं, तरी तिने त्या लहानग्या सिस्टरचा हात धरला आणि म्हणाली, ‘बेटा, मेरा नाम मुक्ता है.’ एवढंच. रागावून नाही. त्या दिवसापासून ती पोरगी तिला मुक्ता आंटी म्हणायला लागली, आणि ताई, तुमच्या बहिणीने त्या दिवशी अर्धी पोळी खाल्ली. मला त्या सगळ्या औषधपाण्यातलं आज काही आठवत नाही. ही अर्धी पोळी आठवते. म्हणून परिपत्रकात जेव्हा आलं की रुग्णाला नाव विचारून खात्री करावी, तेव्हा मी म्हटलं हे कलम माझं.

आता कलम सोपं आहे. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारायचं नाही. ‘तुमचं नाव सांगा’ असं विचारायचं, आणि ते रुग्णाने आपल्या तोंडाने सांगायचं. नागपूरला हे एका दिवसात लागू झालं असतं. तुमच्या वॉर्डात तुम्ही मेट्रन असताना कोणाची बिशाद होती चुकीच्या नावाला ओ द्यायची! पण हे लखनऊ आहे. इथे सिस्टर म्हणतात, पांढऱ्या केसांच्या माणसाला ‘नाम बताइए’ असं तोंडावर कसं म्हणायचं? ते काय चोर आहेत? आणि रुग्णांचं तर विचारूच नका. इथे कोणी आदराने काही विचारलं तर ‘नाही’ म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मी एकदा सगळ्यांना पटवायला म्हणून ओपीडीत जाऊन उभा राहिलो आणि मनाने बनवलेलं नाव पुकारलं, ‘नरहर जी?’ तर तिघे जण ‘जी’ म्हणाले आणि चौथ्याने उठून मला खुर्ची दिली. एका बाईंना मी विचारलं, अहो, तुम्ही बाई, तुमचं नाव नरहर कसं असेल? त्या म्हणाल्या, आपने इतने प्यार से पुकारा था. मी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं की हा ‘जी’ एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल. भिंतीवर फलक लावून घेतला, त्यावर हिंदीत मीच मजकूर दिला: निःसंकोच बोला, विचारा, थांबवा.

तर मागच्या मंगळवारची गोष्ट. मी त्याच फलकाखाली बसलो होतो. कपाळावर उजव्या भुवईच्या वर निळ्या पेनाने बाण काढलेला, हातात नावाचा पट्टा, सगळं नियमानुसार. पण थंडी अशी की दात वाजत होते. म्हणून मी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली (बाण गेला), आणि विभाने विणलेल्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत घेतल्या (पट्टा गेला). चष्मा काढून घेतलेला. डोळ्यांत दर थोड्या वेळाने औषधाचे थेंब घालत होते, त्याने बाहुल्या मोठ्या होतात आणि उरलंसुरलं जगही विरघळून जातं. शेजारच्या खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ होते, चौकात चिकनचं दुकान असलेले गजेंद्र रस्तोगी. त्यांचा डावा डोळा होता. आमच्या गप्पा छान चालल्या होत्या. मग त्यांनाही थेंब घातले आणि आम्ही दोघंही गप्प झालो, आणि खिडकीतून ऊन आलं. कोवळं, धुक्यातून गाळून आलेलं. सगळी खोली दुधाची झाली ताई. भिंती नाहीत, माणसं नाहीत, नुसते हलणारे रंग. कुठेतरी स्टीलची भांडी वाजत होती तीही मला आपल्या नागपूरच्या स्वयंपाकघरातली वाटली, तुम्ही दोघी बहिणी आत चहा करताय अशी.

आणि त्या दुधातून एक फिकट हिरवी आकृती आली. ती वाकली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तळवा नाही, नुसती बोटं, मुक्ता ठेवायची तशी, आणि म्हणाली, ‘चलिए, गजेंद्र जी?’

नाव मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. माझं नाव गजेंद्र नाही, पंढरीनाथ आहे, हेही मला पुरतं ठाऊक होतं. पण मला सांगा, मुक्ता एवढ्या लांबून मला न्यायला आलेली आणि मी तिच्याशी नावावरून वाद घालत बसू? मी म्हणालो, ‘जी.’

ती सिस्टर नसरीन होती. मला रोज बघते. पण ती मला कोट आणि जाड चष्म्यातला, बोलणारा म्हणून ओळखते. मी गप्प बसलो की मला कोणीच ओळखत नाही असं आता ध्यानात आलंय. तिने मला हाताला धरून आत नेलं. स्वेटरवरून हिरवा गाऊन, कानटोपीच्या जागी त्यांची टोपी, तीही भुवयांपर्यंत. मी आडवा झालो. कोणीतरी डावा डोळा पुसायला लागलं. माझा उजवा. मला वाटलं, आधी दुसरा डोळा पुसायचा असा काही नवा नियम आला असेल आणि माझा वाचायचा राहिला असेल. मधे बोलणं बरं दिसेना. (हो ताई, मीच. निःसंकोच बोला, विचारा, थांबवा.) मग तोंडावर चादर आली, तिला डोळ्यापुरतं भोक. वर मोठा दिवा लागला, आणि त्या डाव्या डोळ्यातून मी जे पाहिलं ते तुम्हाला कसं सांगू! एक मोठं सोनेरी फूल हळूहळू उमलत होतं आणि त्याच्या पाकळ्यांतून लोक ये-जा करत होते. मी मनात म्हटलं, हे शेवटचं. मुक्ता इथवर पोचवून गेली. आता लख्ख होणार.

तेवढ्यात डॉक्टर अनीश निगम यांचा आवाज आला. तरुण माणूस, हात हलका, पण बैठकीत मला फार टोकायचा. ‘अंकल, इतना कौन करता है,’ असं म्हणायचा. तो म्हणाला, सब रुकिए. मग वाचलं: गजेंद्र रस्तोगी, डावा डोळा, भिंगाचा नंबर अमका. सगळे हो म्हणाले. मला वाटलं संपलं. पण तो चादरीपाशी वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, ‘बाबूजी, ज़रा अपना नाम बता दीजिए.’

ताई, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते फक्त तुम्हाला सांगतो. वाटलं, गजेंद्रच म्हणावं. त्यांचं भिंग माझ्या डोळ्यात बसलं असतं, त्यांचा नंबर वेगळा, जग तसंच धूसर राहिलं असतं. ऑपरेशन झालं म्हणून प्रफुल्ल खूश, आणि मी रविवारी चौकात. कोणाला कळलंही नसतं. जी म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग एकदम ती अर्धी पोळी आठवली. बेटा, मेरा नाम मुक्ता है. तिच्यात त्राण नव्हतं तरी तिने सांगितलं होतं, आणि मी धडधाकट माणूस फुकटचं दुसऱ्याचं नाव घेऊन पडलो होतो. मला माझीच लाज वाटली हो. मी चादरीखालून ओरडलो, ‘पंढरीनाथ! पंढरीनाथ वासनिक! आणि माझा उजवा डोळा आहे!’ इतक्या जोरात की भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातून काहीतरी खाली पडलं.

मग पळापळ. चादर काढली, टोपी वर केली, तर खाली निळा बाण भलत्याच डोळ्याकडे बोट दाखवतोय. सिस्टर नसरीनला रडू फुटलं. डॉक्टर अनीश स्टूलवर बसले. मग म्हणाले, अंकल, आप?! आता प्रश्न आला, खरे गजेंद्रजी कुठे आहेत? ते बाहेर दुसऱ्या ट्रॉलीवर, तशीच भुवयांपर्यंत टोपी आणि गाऊन घालून, पंढरीनाथ म्हणून, उजवा डोळा पुसून तयार! त्यांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते शांतपणे म्हणाले, ‘जब ये हमारे नाम पर उठे तो हमने सोचा, इनका भी यही नाम होगा, और शायद इन्हें जल्दी होगी.’ आणि मग पंढरीनाथ म्हणून पुकारलं तेव्हा? म्हणाले, कोणी उठेना, बच्ची बिचारी खडी थी, तर त्यांनी ‘जी’ म्हटलं. त्यांचं नाव तर मी घेऊन गेलो होतो. जे उरलं ते त्यांनी आपलं मानलं. वर माझीच माफी मागितली, की तुमच्या जागी येऊन झोपलो. मला या माणसावर रागवायचं होतं, पण जमलं नाही.

त्या दिवशी दोघांचंही ऑपरेशन थांबलं. चूक थोडक्यात टळली तरी तिची चौकशी व्हायलाच हवी, असा नियम आहे. (मीच वाचून दाखवला होता.) चौकशी रुग्ण-सुरक्षा समितीने करायची. समितीत रुग्णांचा प्रतिनिधी असायलाच हवा. तेव्हा गुरुवारी मी टेबलाच्या या बाजूला बसून स्वतःला प्रश्न विचारले आणि त्या बाजूला जाऊन उत्तरं दिली. एकाने नसरीनला ताकीद द्यायचा विषय काढला, तेव्हा मी उठून सांगितलं की माणसाला दोष देऊ नका, पद्धत दुरुस्त करा. आणि पद्धत बिघडली ती एका कानटोपीने आणि एका म्हाताऱ्याने. नसरीन पुन्हा रडली, पण या वेळी चहा घेऊन. ठराव झाले. कानटोपी आणि बाह्या आधी वर करायच्या. नाव विचारायचंच, पण छातीवर हात ठेवून ‘आपका शुभ नाम?’ असं विचारायचं, म्हणजे सिस्टरलाही अवघडल्यासारखं होत नाही. डॉक्टर अनीशनी तर माझ्यासमोर कबूल केलं की एरवी ते नुसतं वाचून मोकळे व्हायचे. चादरीखाली विचारायला त्यांनी गेल्याच महिन्यात सुरुवात केली, माझा घसा बसला होता त्या बैठकीनंतर, दया येऊन.

आणि एक ठराव माझ्यासाठी खास. आता हा मुद्दा, ताई. पुढच्या मंगळवारी माझा उजवा डोळा आहे, आणि समितीने असं ठरवलंय की रुग्ण पंढरीनाथ यांच्यावर भरवसा ठेवता येत नसल्याने त्यांच्यासोबत असा एक नातेवाईक असावा जो त्यांना चेहऱ्याने ओळखतो, नावाने ओळखतो आणि कोणालाही कधीही खोटं ‘जी’ म्हणत नाही. प्रफुल्ल चालला असता, पण तो इथेच वाढला. बँकेत त्याच्या टेबलावर आधीच्या साहेबांची पाटी अजून तशीच आहे, लोक त्याला मिश्राजी म्हणतात आणि तो ‘जी’ म्हणून त्यांचं काम करून देतो. विभा तर सब्जीवाल्यालाही जी म्हणते. मी सगळं खानदान डोळ्यांसमोर आणलं, आणि एकच नाव उरलं. प्रफुल्लच्या लग्नात व्याही हात जोडून पुरी वाढायला आले तेव्हा तुम्ही ‘नको म्हणजे नको’ म्हणालात, आणि सगळा मांडव गार झाला. लखनऊत तो शब्द तेव्हापासून कोणी ऐकलेला नाही. स्टेशनवर हमालाने तुम्हाला ‘माताजी’ म्हटलं तर तुम्ही सामान खाली ठेवून त्याला सांगितलंत, ‘मी तुझी माताजी नाही, माझं नाव द्रौपदी.’ तो अजून विचारतो तुमच्याबद्दल. (खोटं. पण विचारत असेल.) तेव्हा गुडघे परवानगी देत असतील तर सोमवारपर्यंत या. प्रफुल्ल घ्यायला येईल. तिकीट तोच काढून पाठवतो.

तुमच्या आवाजाला अजूनही भिणारा, आणि तो ऐकायला आसुसलेला,

तुमचा
पंढरीनाथ

ता. क. संत्री आणू नका. इथे नागपूरची म्हणून जी मिळतात ती चालतात. मुक्ताने तुम्हाला चौकातून घेऊन दिलेली ती फिकट हिरवी चिकनची साडी मात्र आणा. तुम्ही ती एकदाही नेसला नाहीत. इथे नेसा.

दुसरा ता. क. मार्कर संपत आलाय म्हणून आता खरं लिहितो. तो शेवटचा ठराव झाला नाही. मी मांडला होता, आणि तो सगळ्यांनी हसत हसत फेटाळला. डॉक्टर अनीश म्हणाले, अंकल, कोणीही चालेल, शेजारी आले तरी चालतील. तेव्हा नियमाने तुमची गरज नाही. मला आहे.

तिसरा ता. क. पट्टी बुधवारी सकाळी काढतील. मला त्याचीच भीती वाटते, सुरीची नाही. लख्ख दिसेल, आणि त्या लख्ख खोलीत मुक्ता नसेल. तुम्हा बहिणींचं नाक एक, आणि उभं राहण्याची ढबही एक, हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. तेव्हा पट्टी निघताना तुम्ही समोर उभ्या राहा, फार जवळ नाही. माझ्या तोंडून चुकून मुक्ताचं नाव गेलं, तर ताई, माझ्यावर एवढी मेहेरबानी करा, दुरुस्त करू नका. आयुष्यात एकदा लखनऊच्या रीतीनं ‘जी’ म्हणा. मग खुर्ची ओढून बसा आणि मला माझं नाव विचारा. मी बरोबर सांगेन.